चौदा कुटुंबांचा समुद्र

१९८४ साली फिलिपाइन्समधल्या सुमिलॉन नावाच्या चिमुकल्या बेटाभोवती मासे मारणाऱ्यांना अचानक जास्त समुद्र मिळाला. बेटाच्या प्रवाळखडकाचा सुमारे पाव हिस्सा दहा वर्षं त्यांना बंद होता. तो आता खुला झाला. जागा वाढली म्हणजे मासळीही वाढणार, हा हिशेब कुणीही मांडला असता. घडलं उलटंच. जिथे दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सुमारे ३७ टन मासे निघत होते, तिथे दीड वर्षात तो आकडा २० टनांवर घसरला. हे मोजत होते सिलिमन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, आणि ती बंदी घडवून आणणारेही तेच होते. राखीव पाण्याचा शेजारच्या मासेमारीला उपयोग होतो, हे सिद्ध करायला ते कित्येक वर्षं धडपडत होते. पुरावा मिळाला, पण राखलेलं सगळं लुटलं गेल्यावर.

सुमिलॉनपासून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर अपो नावाचं दुसरं बेट आहे. याच विद्यापीठाच्या माणसांनी तिथेही तीच कल्पना नेली होती. तिथल्या राखीव पट्टीमागे सुरुवातीला ना वटहुकूम होता ना पगारी पहारेकरी. ती मात्र टिकली. समुद्रसंरक्षणाच्या जगात आज अपोचं नाव ज्या आदराने घेतलं जातं, त्याची सुरुवात या दोन बेटांच्या वेगवेगळ्या नशिबात आहे.

आधी हे पाणी एवढं ओसाड का झालं होतं, ते पाहायला हवं. फिलिपाइन्स सात हजारांहून जास्त बेटांचा देश. त्याच्या मधल्या पट्ट्याला विसाया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इथे जपानी आणि अमेरिकन फौजा भिडल्या आणि जाताना दारूगोळा मागे ठेवून गेल्या. त्या स्फोटकांनी मासे मारता येतात, हे किनाऱ्यावरच्या लोकांना लवकरच कळलं. युद्धाचा माल संपला तेव्हा खत आणि रॉकेल बाटलीत भरून घरगुती सुरुंग बनू लागले. ही मासेमारी दिसायला फार सोपी. बाटली पेटवायची, माशांच्या थव्यावर टाकायची आणि तरंगून आलेले मासे वेचायचे. स्फोटाच्या धक्क्याने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. त्यामुळे मेलेल्यांतले बरेच तळाला बुडतात आणि कुणाच्याच हाती लागत नाहीत. खरं नुकसान त्याहून मोठं. फांद्याफांद्यांचा प्रवाळ भुगा होऊन पडतो. तो भुगा लाटांबरोबर सतत हलत राहतो, आणि हलत्या चुऱ्यावर प्रवाळाच्या नव्या अळ्यांना बूड टेकता येत नाही. एका सुरुंगाने पडलेला खड्डा म्हणूनच कैक वर्षं तसाच उघडा राहतो.

दुसरी पद्धत विषाची. १९६०च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या घरांमधल्या मत्स्यटाक्यांसाठी रंगीत माशांची मागणी वाढली आणि पाणबुडे सायनाइड पाण्यात सोडून मासे गुंगवायला लागले. मासा जिवंत हाती यायचा, भोवतालची पोवळी मरायची. तिसरी पद्धत 'मुरो-आमी'. ती युद्धाआधी ओकिनावाहून आलेल्या जपानी मच्छीमारांनी आणली. पोहणाऱ्यांची मोठी रांग दोरीला दगड बांधून खडक ठोकत पुढे सरकते, घाबरलेले मासे पुढच्या जाळ्यात शिरतात. या कामाला किशोरवयीन मुलांनाही जुंपलं जायचं, आणि मुरो-आमीचे ताफे ज्या गावांतून माणसं उचलायचे त्यांत दक्षिण सेबूतली सुमिलॉनच्या समोरचीच गावं होती. हे सगळं चालू असताना खाणारी तोंडं वाढत होती. १९४८च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १ कोटी ९२ लाख होती, १९८०मध्ये ती ४ कोटी ८० लाखांवर गेली. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला शेवटी समुद्रच उरतो, आणि तिथे कुणाचा सातबारा नसतो.

कायदे नव्हते असं नाही. १९७५च्या मत्स्यव्यवसाय आदेशाने सुरुंग आणि विष दोन्हींवर बंदी घातली. देशात तेव्हा राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची लष्करी कायद्याखालची राजवट होती. हुकूम मनिलाहून निघत, पण सातशे किलोमीटर दूरच्या खाडीत रात्री बाटली कोण टाकतंय ते पाहायला कुणी नव्हतं. १९७०च्या दशकाच्या शेवटी फिलिपाइन्स विद्यापीठाचे एडगार्दो गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातले खडक तपासले. उत्तम स्थितीतले निघाले जेमतेम ५ टक्के.

नेग्रोस बेटावरच्या दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठ आहे. १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी ते स्थापन केलं. तिथले जीवशास्त्राचे प्राध्यापक आंखेल अल्काला (१९२९–२०२३) हे या कथेतलं मध्यवर्ती नाव. नेग्रोसच्याच एका किनाऱ्यालगतच्या गावात ते जन्मले. वडील माशांच्या तळ्यांवर कामाला होते. पोराचं बालपण खाडीतले मासे आणि खेकडे पकडण्यात गेलं. गंमत अशी की शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव आधी झालं ते बेडूक, पाली आणि सापांच्या अभ्यासामुळे. स्टॅनफर्डहून डॉक्टरेट घेऊन ते परतले, डोंगरजंगलं तुडवली, नव्या प्रजाती नोंदवल्या. समुद्राकडे ते वळले चाळिशीनंतर. कदाचित त्यामुळेच त्यांनी समुद्राकडे जंगलाच्या नजरेने पाहिलं. जंगलाचा एखादा तुकडा राखीव ठेवतात, मग खडकाचा का नको, हा प्रश्न त्यांना सहज पडला. १९७०च्या आसपास मत्स्यशास्त्रात तो तितका सहज नव्हता. मासा पोहणारा प्राणी. कुंपण घालून काय साधणार, अशीच समजूत होती.

डिसेंबर १९७४मध्ये सेबू प्रांतातल्या ओस्लोब नगरपालिकेने सिलिमनच्या आग्रहावरून सुमिलॉनच्या खडकाचा एक भाग मासेमारीला बंद केला. फिलिपाइन्समधला हा असा पहिलाच प्रयोग. विद्यापीठाने बेटावर राखणदार ठेवला आणि खुल्या भागात गळ, जाळी आणि बांबूचे सापळे लावणारे लोक किती मासळी नेतात त्याची नोंद सुरू केली. आकडे वर्षागणिक चढत गेले. शास्त्र म्हणून प्रयोग उत्तम चालला होता.

कच्चा दुवा दुसरीकडे होता. सुमिलॉनवर वस्ती नव्हती. मासे मारणारे समोरच्या सेबू किनाऱ्यावरून येत. बंदी कुठे असावी, किती असावी, ती मोडणाऱ्याचं काय करायचं, यातलं काहीच त्यांना विचारून ठरलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते 'सिलिमनचं पाणी' होतं. दुमागेतेहून येणारे प्राध्यापक, विद्यापीठाचा राखणदार, विद्यापीठाच्या वह्या. मासळी वाढते आहे याचा फायदा त्यांनाच होत होता, पण फायदा होणं वेगळं आणि निर्णय आपला असणं वेगळं. नगरपालिकेतलं राजकारण पालटलं तसं हे उघडं पडू लागलं.

अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९मध्ये अपोला जायला सुरुवात केली, तेव्हा ही उणीव त्यांना दिसू लागली असावी, कारण तिथे त्यांनी कामाची रीत बदलली.

अपो म्हणजे नेग्रोसच्या आग्नेय किनाऱ्यासमोर समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा तुकडा. क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरपेक्षा कमी, भोवती साधारण एक चौरस किलोमीटरचा प्रवाळखडक. प्रशासनाच्या हिशेबात दाउइन नगरपालिकेची ही एक 'बारांगाय', म्हणजे सर्वांत खालच्या पायरीची वस्ती. माणसं काहीशे, जवळजवळ सगळी मासेमारीवर जगणारी. दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असलेली अरुंद होडी, तिला तिकडे बांका म्हणतात, हे मुख्य साधन. सुरुंगवाले बहुधा बाहेरून यायचे, पण बेटावरच्या लोकांचेही हात अगदी स्वच्छ नव्हते. बारीक भोकांची जाळी आणि दगड ठोकण्याची पद्धत त्यांनीही उचलली होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जवळच्या पाण्यात पुरेसे मासे मिळेनात. लोक होडी वल्हवत लांब, दुसऱ्यांच्या पाण्यात जाऊ लागले, आणि तिथेही गर्दी होतीच.

सिलिमनच्या मंडळींनी अपोला जो सल्ला दिला तो ऐकायला वेडाचारच होता: मासे कमी पडतायत ना, मग मासेमारीची जागा आणखी कमी करा. शेतकऱ्याला हे पटवणं तुलनेने सोपं गेलं असतं. घरात कितीही चणचण असली तरी बियाण्याची कणगी फोडायची नाही, हे त्याच्या हाडीमाशी असतं. मच्छीमाराला बियाणं दिसत नाही. मासा समुद्रातून येतो, कुठून येतो ते समुद्र जाणे. रोजच्या पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाने आपल्या वाट्याचं पाणी एखाद्या प्राध्यापकाच्या शब्दावर सोडून द्यावं, ही अपेक्षा खरं तर मोठीच होती. विरोध झाला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता.

तीन वर्षं चर्चा चालली. तीन वर्षं ही माहिती एका ओळीत संपते, पण तिचा अर्थ असा की प्राध्यापक येत राहिले, बसून बोलत राहिले आणि हुकूम काढायला नगरपालिकेकडे गेले नाहीत. त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. अपोच्या काही मच्छीमारांना सुमिलॉनला नेलं. तिथली बंदी तेव्हा अजून टिकून होती. पाण्यात डोकं घातलं की फरक दिसत होता: हेकरू, तांबोशी यांसारखे मोठे मासे, आपल्या वाडवडिलांनी सांगितलेल्या आकाराचे. मच्छीमाराचा विश्वास बसतो तो दुसऱ्या मच्छीमाराच्या पाण्यात पाहिलेल्या माशावर, आलेखावर नाही.

१९८२मध्ये अपोवरच्या १४ कुटुंबांनी ठरवलं की करून पाहू. सगळ्या बेटाने नाही, चौदाच घरांनी. बेटाच्या आग्नेय बाजूला किनाऱ्यालगत साडेचारशे मीटर आणि समुद्रात पाचशे मीटर, म्हणजे साधारण साडेबावीस हेक्टरांची पट्टी त्यांनी निवडली. एकूण मासेमारीच्या जागेचा हा जेमतेम दहावा हिस्सा. निवडीतही व्यवहार होता. तिथला प्रवाळ चांगला होता, पण मासे तेव्हा फारसे उरले नव्हते. प्रयोग फसला तर कुणाचं मोठं नुकसान होणार नव्हतं. शिवाय ही पट्टी पुळणीवरून सरळ नजरेत येते. राखणीसाठी वेगळी बोट नको, पगार नको. एक माणूस वाळूवर बसला की पुरे. कुटुंबांनी आळीपाळीने तेच केलं.

मला या सगळ्या इतिहासात हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जगभरातल्या राखीव क्षेत्रांच्या सीमा नकाशावर आखल्या जातात, आणि मग त्यांची राखण कशी करायची याचा विचार सुरू होतो. अपोच्या लोकांनी सीमा आखली ती नजर पोचते तिथपर्यंत.

पुढच्या दोन-तीन वर्षांत पट्टीतले मासे डोळ्यांना जाणवतील इतके वाढले, आणि कडेच्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांना हाताला लागू लागले. नेमक्या याच वेळी सुमिलॉन कोसळत होतं. बंदी आधीच ढिली पडत चालली होती, १९८४मध्ये ती पुरती मोडली. मुरो-आमीवाले आणि सुरुंगवाले आत शिरले. दहा वर्षांत जमलेला साठा महिन्यांत उपसला गेला, आणि त्यानंतर खुल्या भागातली मासळीही ओसरली, कारण तिला भर घालणारं पाणीच उरलं नव्हतं. अल्काला आणि ऑस्ट्रेलियाच्या जेम्स कुक विद्यापीठाचे गॅरी रस यांनी १९९०मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा मत्स्यशास्त्रातला तो एक मैलाचा दगड ठरला. आधी बंदी, मग बंदी उठणं, मग उत्पन्नाची घसरण, असा क्रम त्या वेळी दुसरीकडे कुठेही इतका स्वच्छ नोंदलेला नव्हता. मुरो-आमीवर सरकारने १९८६मध्ये बंदी घातली. सुमिलॉनला त्याचा उपयोग व्हायला उशीर झाला होता.

अपोवर मात्र १९८५पर्यंत चौदाची सगळी घरं झाली. विद्यापीठाने आता नुसते जीवशास्त्रज्ञ न पाठवता समाजकार्यकर्ते बेटावर राहायला पाठवले. अमेरिकेच्या मदतीने चाललेल्या या कार्यक्रमात अ‍ॅलन व्हाइट यांच्यासारखे कार्यकर्ते-शास्त्रज्ञ होते, आणि अपोबरोबरच बोहोल प्रांतातली पामिलाकान आणि बालिकासाग ही बेटंही त्यात घेतली होती. अपोच्या लोकांनी स्वतःची समुद्र व्यवस्थापन समिती नेमली, सभेसाठी एक केंद्र उभारलं आणि दाउइन नगरपालिकेकडून राखीव पट्टीला कायदेशीर मान्यता मिळवली. म्हणजे कायदा आला, पण लोकांच्या मागून.

नियम दोन प्रकारचे होते. पट्टीत मासेमारी पूर्ण बंद. उरलेल्या सगळ्या खडकावर मासेमारी चालू, पण सुरुंग, विष, मुरो-आमी आणि बारीक जाळी नाही, आणि बाहेरगावच्या होड्या नाहीत. लोकप्रिय लेखनात पहिल्या नियमाचंच कौतुक होतं. माझ्या मते अपोला तारलं ते दुसऱ्याने. नव्वद टक्के पाण्यावर आपला हक्क आहे, बाहेरचा कुणी येऊन तो ओरबाडणार नाही, ही खात्री मिळाली म्हणून लोकांनी दहा टक्के सोडून दिले. राखणीला 'बांताय दागात', म्हणजे समुद्राचे पहारेकरी, ही गावातलीच तुकडी उभी राहिली. बाहेरच्या होड्या हुसकावण्याचं काम तिचं.

आता फळ काय मिळालं ते. अपोबद्दल दसपट-वीसपट मासळीच्या गोष्टी फिरत असतात. रस, अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये मांडलेला हिशेब त्यापेक्षा संयमी आहे. सर्जनफिश आणि जॅक या दोन कुळांतले मासे अपोच्या मासळीतला मोठा वाटा उचलतात. १९८३ ते २००१ या अठरा वर्षांत राखीव पट्टीत त्यांचं एकूण वजन तिप्पट झालं. मासेमारीला खुल्या असलेल्या, तुलनेसाठी निवडलेल्या जागी फारसा फरक पडला नाही. पट्टीच्या जवळ गळ टाकणाऱ्याला दूरच्यापेक्षा जास्त मासे लागत. १९८१च्या तुलनेत पुढच्या काळात गळाला तासाला मिळणारी मासळी दीडपट झाली. आणि १९८६ ते २००१च्या दरम्यान गळाच्या मासेमारीत घातले जाणारे कष्टाचे तास ४६ टक्क्यांनी कमी झाले.

शेवटचा आकडा पुन्हा वाचावा असा आहे. बेटावर मासळीचा डोंगर उभा राहिला नाही. जेवढी आधी निघायची तेवढीच, किंवा थोडी अधिक, पण जवळजवळ निम्म्या कष्टात आणि घराजवळच्या पाण्यात निघू लागली. वाचलेल्या वेळात काही जण पर्यटकांच्या होड्या चालवू लागले, काही मुलं शिकायला दुमागेतेला गेली. मच्छीमाराच्या आयुष्यात सुबत्ता अशीच दिसते.

हे घडतं कसं? बंद पाण्यात मासा मोठा होतो, आणि मोठ्या मादीची अंडी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. त्यांतून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जातात. दुसरीकडे, जागा दाटीची झाली की मोठे मासेही सीमेबाहेर सरकतात. कपाळावर नाकाडासारखा उंचवटा असलेल्या नासो व्लामिंगी या माशाच्या बाबतीत अपोला हे सरकणं स्पष्ट नोंदवलं गेलं. पण यातल्या कशालाच घाई नाही. हेकरूसारखे शिकारी मासे सावकाश वाढतात, त्यांची संख्या अपोच्या पट्टीत वर्षामागून वर्ष चढतच राहिली, आणि अठरा वर्षांनंतरही ती थांबल्याचं दिसलं नाही. सुमिलॉनवर तेवढंच काम मोडायला दीड वर्ष लागलं होतं.

१९९२ साली अल्कालांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याला तो जामखेडचे आरोळे दांपत्य आणि बाबा आमटे यांच्यामुळे परिचित आहे. अल्कालांच्या वर्षी तो पंडित रविशंकर यांनाही मिळाला होता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी अल्कालांना पर्यावरण खात्याचं मंत्रिपद दिलं. काळही अनुकूल होता. १९९१च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकांच्या ताब्यात दिलं होतं. १९९८च्या मत्स्यव्यवसाय संहितेने त्यातला १५ टक्के भाग राखीव ठेवायची तरतूद केली. जसे अपोचे लोक सुमिलॉन पाहायला गेले होते, तसे आता दुसऱ्या गावांचे लोक अपोला येऊ लागले. इंडोनेशियात उत्तर सुलावेसीतल्या ब्लोंगको गावाने १९९८मध्ये अपोच्या नमुन्यावर आपलं पाणी राखलं. खुद्द फिलिपाइन्समध्ये अशी क्षेत्रं हजाराच्या वर गेली. त्यांतली बरीच कागदावरच राहिली, हेही सांगायला हवं. नगराध्यक्षाने फलक लावायचा, फोटो काढायचा, आणि पुढच्या निवडणुकीनंतर फलक गंजायचा. हजार जागी सुमिलॉन करणं सोपं असतं.

आणि मग अपोचीही परीक्षा झाली, तीही कौतुकातून. ९ ऑगस्ट १९९४ला रामोस यांनी जाहीरनामा काढून अपोला राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला. पर्यावरण मंत्री अजून अल्कालाच होते. हेतू चांगला होता: नगरपालिकेची मर्जी बदलली तरी अपोचं सुमिलॉन होऊ नये, वर केंद्राचं छत्र असावं. परिणाम असा झाला की गावाच्या समितीच्या हातातला कारभार एका संरक्षित क्षेत्र व्यवस्थापन मंडळाकडे गेला. त्यात सरकारी खाती, नगरपालिका, विद्यापीठ यांच्याबरोबर बेटाचे प्रतिनिधी होते, पण आता ते अनेकांपैकी एक होते. पाणबुड्या पर्यटकांकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली तेव्हा पैसा आधी सरकारी निधीत जमा व्हायचा, आणि त्यातले ७५ टक्के परत यायला वाट पाहावी लागायची. पहारेकऱ्यांच्या होडीत तेल घालायचं तर तेही मंजुरीनंतर. हा हिस्सा जागेवरच ठेवायची मुभा देणारा कायदा २०१३मध्ये झाला. २०१०मध्ये 'मरीन पॉलिसी' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने मच्छीमारांची नाराजी नोंदवली आणि हे केंद्रीकरण चुकीचं वळण होतं का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला.

इथे मालवणची आठवण येणं साहजिक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहे, आणि महाराष्ट्र सरकारने १९८७मध्ये, म्हणजे अपोची पट्टी कायदेशीर झाली त्यानंतर थोड्याच काळाने, तिथे सागरी अभयारण्य जाहीर केलं. मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो दशकानुदशकं चालला. हेच मच्छीमार पर्ससीन नौकांच्या विरोधात आपल्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरतात. त्यांना समुद्र राखायचा नाही असं कसं म्हणणार? अपोसारखी तीन वर्षं त्यांच्याशी बोलण्यात कुणी घालवली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर इतिहासात मिळत नाही.

पर्यटनाने अपोला पैसा दिला आणि त्याचे प्रश्नही दिले. उथळ पाण्यात समुद्रगवत चरणारी हिरवी कासवं आणि समुद्रफुलांमध्ये वावरणारे जोकरमासे पाहायला जगभरातून लोक येऊ लागले. बायका पुळणीवर टी-शर्ट आणि लुंग्या विकू लागल्या. पाणबुड्यांच्या पायांखाली प्रवाळ तुटतो, म्हणून त्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. गळ टाकणारे आणि पाणबुडे यांच्यात जागेवरून कुरबुरी झाल्या. तरी उत्तरेच्या ओस्लोबच्या मानाने हे काहीच नाही. ज्या नगरपालिकेच्या पाण्यात सुमिलॉन मोडलं, तिथे २०११च्या सुमारास देवमाशाएवढ्या व्हेल शार्कना रोज कोळंबीसारखं खाद्य घालून पर्यटकांसमोर आणायचा धंदा सुरू झाला. शास्त्रज्ञ नाकं मुरडतात, पण त्या गावांतल्या सुरुंगवाल्या मासेमारीपेक्षा हा बरा, असं म्हणणारेही आहेत.

अपोवरचा सर्वांत मोठा घाव माणसाने घातला नाही. डिसेंबर २०११मध्ये 'सेनदोंग' आणि पुढच्याच डिसेंबरमध्ये 'पाब्लो' ही चक्रीवादळं या भागातून गेली. लाटा पूर्वेकडून आल्या आणि राखीव पट्टी नेमकी त्याच बाजूला होती. तीस वर्षं जपलेला तिथला प्रवाळ जवळजवळ पूर्ण चिरडला गेला. सुरुंगाने होतो तसाच चुरा, फक्त अख्ख्या पट्टीभर. प्रवाळावर जगणारे मासे त्यापाठोपाठ घटले. पश्चिमेकडचा खडक, जिथे गळाची मासेमारी चालू होती पण सुरुंग-विष पडलं नव्हतं, तो बऱ्यापैकी वाचला, आणि पर्यटकांच्या होड्या तिकडे वळल्या. चौदा कुटुंबांनी निवडलेल्या जागेत आता पाहण्यासारखंही फारसं नव्हतं, आणि शेजारच्या पाण्यात पाठवायला मासेही थोडेच उरले होते. तिथे पर्यटकांना जाणं बंद करण्यात आलं. मासेमारीची बंदी उठवा, अशी वेळ यायची तर ती हीच होती. ती उठली नाही.